जुनं नाव, परका बाजार: मोटारसायकलचा ब्रँड पुन्हा उभा करताना या चुका टाळा

रॉयल एनफील्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची, आज ती चेन्नईत बनते. बीएसए २०१६ पासून महिंद्रांचं पाठबळ असलेल्या क्लासिक लेजेंड्सकडे आहे. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली. ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतात. इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारात एकेकाळी गाजलेली नावं तिथेच पुन्हा उभी करण्याचं काम आता बऱ्याच अंशी भारतीय कंपन्यांच्या हातात आलं आहे. हे काम तडीला जावं असं मनापासून वाटतं, म्हणून ते कुठे फसतं हे नीट मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या नावावर पहिली गाडी खपते. त्याच माणसाने दुसरी गाडी घ्यावी, मित्राला घ्यायला लावावी, हे मात्र डीलरच्या वर्कशॉपमध्ये आणि पार्ट्सच्या काउंटरवर ठरतं. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

नाव घेतलं, पण कोणत्या देशातलं?

ट्रेडमार्क देशागणिक वेगळा असतो आणि वस्तूंच्या वर्गागणिकही. मोटारसायकलसाठी नाव तुमच्याकडे आणि जॅकेट-हेल्मेटसाठी तेच नाव भलत्याकडे, असं सहज घडू शकतं. जुन्या ब्रँडच्या बाबतीत गुंता जास्त, कारण कंपनी बुडाल्यावर नाव अनेक हातांतून फिरलेलं असतं.

‘इंडियन’ या जुन्या अमेरिकन ब्रँडचंच बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा कारखाना १९५३ मध्ये थांबला. त्यानंतर १९५५ पासून काही वर्षं अमेरिकेत ‘इंडियन’ म्हणून ज्या गाड्या विकल्या गेल्या त्या रेडिचमध्ये बनलेल्या रॉयल एनफील्ड होत्या, टाकीवरचं नाव तेवढं बदललेलं. पुढे कित्येक जणांनी या नावावर हक्क सांगितला आणि शेवटी प्रकरण कोर्टातून सुटलं. जावा २०१८ मध्ये भारतात परतली ती परवान्यावर. झेक प्रजासत्ताकात जावा मोटो ही वेगळी कंपनी आपल्या गाड्या काढतेच आहे. येझदी या नावाचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला.

ब्रँडचं नाव सुटलं तरी मॉडेलचं नाव अडतं. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० अमेरिकेत ‘आयएनटी ६५०’ म्हणून विकली गेली, कारण तिथे इंटरसेप्टर हे नाव होंडाकडे आहे. रॉयल एनफील्डने १९६० च्या दशकात याच नावाची गाडी विकली होती, तरी त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा जाहिरातीची ओळ लिहिण्याआधी एक साधा तक्ता करा: ज्या देशांत विकायचं ते सगळे देश, आणि प्रत्येकापुढे ब्रँडचं नाव, चिन्ह, प्रत्येक मॉडेलचं नाव, कपड्यांचा वर्ग. एकही चौकट रिकामी असेल तर त्या देशासाठी बॅज छापायला देऊ नका.

आठवणींबरोबर जुन्या तक्रारीही पदरात येतात

जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. एक, आवाज काय होता! दुसरी, उभी केली की खाली तेलाचा डाग. विकत घेणारा पहिल्या गोष्टीचे पैसे मोजतो आणि दुसरी विसरतो. बाजार विसरत नाही.

ही तेलगळती नुसत्या निष्काळजीपणाची नव्हती. त्या काळच्या ब्रिटिश पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरच्या) इंजिनांचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं आवरण, उभं दुभागलेलं असे, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन भाग मध्ये जोडलेले. हा सांधा इंजिनाच्या तळापर्यंत जायचा, जिथे तेल साचतं. त्यात कंपनं, आणि जुन्या यंत्रांवर कातलेल्या पृष्ठभागांची कमी-जास्त सफाई. जपानी कंपन्यांनी क्रँककेस आडवं दुभागलं, सांधा वर नेला. होंडाची सीबी ७५० १९६९ मध्ये आली तेव्हा तिला बटणावर सुरू होणारं इंजिन होतं, पुढे डिस्क ब्रेक होता, आणि खाली वर्तमानपत्र अंथरायची गरज नव्हती. ब्रिटिश उद्योग ज्या कारणांनी मोडला त्यातलं हे एक ठळक कारण.

१९८३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद पडला आणि घरबांधणीच्या व्यवसायातल्या जॉन ब्लूर यांनी नाव आणि हक्क घेतले. त्यांच्या हातात ‘बॉनव्हिल’ हे सोन्यासारखं नाव होतं. एखाद्याने पहिल्याच वर्षी तीच गाडी थोडी चकाकवून बाजारात आणली असती. ब्लूर यांनी जुनी बॉनव्हिल काही काळ परवान्यावर दुसऱ्याला बनवू दिली आणि स्वतः हिंकलीला नवा कारखाना उभा केला. १९९० च्या कोलोन प्रदर्शनात ट्रायम्फ परतली ती पाण्याने थंड होणाऱ्या तीन आणि चार सिलिंडरच्या आधुनिक गाड्या घेऊन. त्या इंजिनांमध्ये बरेचसे भाग समाईक होते. भाग समाईक असले की थोड्याशा पैशांत मॉडेलं जास्त निघतात आणि डीलरला साठा कमी ठेवावा लागतो.

‘आता या गळत नाहीत’ हे गाड्यांनी रस्त्यावर दाखवून दिल्यावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, जुन्या वळणाची थंडरबर्ड आली आणि अमेरिकेत पुन्हा पाय रोवायला उपयोगी पडली. बॉनव्हिल परतली ती थेट २००० मध्ये. सर्वात मौल्यवान नाव सतरा वर्षं स्वतःच्या नव्या गाडीवर न लावण्याचा धीर कंपनीकडे होता. मला या सगळ्या इतिहासात हा निर्णय सर्वात मोठा वाटतो.

तुमच्या ब्रँडचं असंच काही असेल. आधी जुन्या मालकांना भेटा आणि गाडीचं कौतुक बाजूला ठेवून एवढंच विचारा: त्रास काय द्यायची? विजेचं काम सतत बिघडायचं? किक उलटी मारायची? गिअर अडकायचे? त्या यादीतला पहिला मुद्दा नव्या गाडीत पूर्ण निकालात काढा आणि वॉरंटीच्या अटींमध्ये तो ठळक दिसू द्या. जाहिरातीत ‘विश्वासार्ह’ लिहिण्यापेक्षा त्या एका भागावर जास्त वर्षांची हमी देणं कधीही चांगलं.

उसन्या इंजिनावर जुनं नाव

इंडियनचा पुनर्जन्म एकदा झालेला नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयला तो झाला. मोठे झाकलेले मडगार्ड, झालरीचं सीट, मडगार्डवर अमेरिकेच्या मूळ रहिवासी योद्ध्याचं डोकं, सगळं जागच्या जागी. पण सुरुवातीला आत इंजिन होतं एस अँड एस या दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे हार्लेच्या वळणाचं, बाहेरून आणलेलं. ज्या ब्रँडची सगळी ओळख ‘आम्ही हार्ले नाही’ ही, त्याच्या गाडीत हार्लेसारखं इंजिन. पुढे त्यांनी स्वतःचं इंजिनही आणलं, पण २००३ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्यानंतर नॉर्थ कॅरोलिनातल्या किंग्ज माउंटनचा प्रयत्न झाला, थोड्या आणि महागड्या गाड्यांचा.

२०११ मध्ये पोलारिस या अमेरिकन वाहन कंपनीने इंडियन घेतली आणि क्रम बदलला. मार्च २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोटारसायकल मेळाव्यात त्यांनी गाडी दाखवलीच नाही, फक्त इंजिन दाखवलं: थंडर स्ट्रोक १११, सुमारे १८११ सीसीचं. १९४० च्या दशकातल्या ‘इंडियन चीफ’ गाडीचं इंजिन ज्यांनी पाहिलंय त्यांना ते लगेच ओळखू आलं असणार. हेडवरचे रुंद फिन (थंडाव्यासाठीच्या पट्ट्या), खालच्या दिशेला वळणारे एक्झॉस्ट, समांतर पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या. आत मात्र सगळं आजचं. गाडी आली ऑगस्टमध्ये, साउथ डकोटातल्या स्टर्जिसच्या मेळाव्यात. त्या पाच महिन्यांत लोक मडगार्डच्या रंगावर बोलले नाहीत, इंजिनावर बोलले. पोलारिसला हवं होतं ते हेच.

इथे एक गोष्ट विसरू नये. पोलारिसकडे १९९८ पासून व्हिक्टरी नावाचा स्वतःचा मोटारसायकल ब्रँड होता. इंजिन बनवणं, डीलर सांभाळणं, वॉरंटीचे दावे निपटणं हे सगळं ते त्यावर शिकले होते. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी व्हिक्टरी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि इंडियन चालू ठेवली. म्हणजे नावाला किंमत आहेच. पण त्या नावाखाली दशकभर कमावलेलं कसब होतं, हे जुना ब्रँड घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या कंपनीकडे बघून तपासावं.

दुसऱ्याचं इंजिन घेणं सरसकट चूक नाही. नव्या बीएसए गोल्ड स्टारचं ६५२ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन रोटॅक्स या ऑस्ट्रियन इंजिन कंपनीच्या घराण्यातलं आहे, आणि गोल्ड स्टार ही एक सिलिंडरचीच गाडी होती, त्यामुळे ते शोभतं. घेतलेलं इंजिन ब्रँडच्या स्वभावाला धरून आहे ना, आणि त्याचे भाग पुढची दहा वर्षं मिळत राहतील असा लेखी करार आहे ना, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

घरची गाडी जशीच्या तशी बोटीत चढवणं

एका देशात चालणारी गाडी दुसऱ्या देशात का चालत नाही याची कारणं कागदावर फार साधी दिसतात. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गावर ताशी १०५ ते १२० किलोमीटरने तासन्‌तास जावं लागतं. जुन्या ५०० सीसीच्या एक सिलिंडरच्या गाडीवर त्या वेगाला हात बधिर होतात. युरोपात नवख्या चालकाला ए२ परवाना मिळतो आणि त्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना तिथे एबीएस सक्तीचं आहे. २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना युरो ५ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम बाकीच्या अमेरिकेहून वेगळे, टाकीतून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेचाही हिशेब मागतात.

रॉयल एनफील्डने हे गणित नीट मांडलं. ब्रिटनमधल्या ब्रंटिंगथॉर्पला त्यांनी तंत्रज्ञान केंद्र उभं केलं, चासीचं काम जाणणारी हॅरिस परफॉर्मन्स २०१५ मध्ये विकत घेतली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात ६४८ सीसीचं नवं ट्विन आणलं. ताकद ४७ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे ३५ किलोवॅटच्या रेषेच्या आत, बरोबर काठावर. हा योगायोग नाही. युरोपातल्या नवशिक्यालाही चालेल आणि अमेरिकन महामार्गावरही दमणार नाही, अशी ती जागा शोधून काढलेली आहे.

इतकं करूनही एक गोष्ट सुटलीच. २०२० मध्ये ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) तपासण्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात. काही प्रकारच्या क्षारांशी दीर्घकाळ संबंध आला की कॅलिपरच्या आतल्या भागाला गंज चढून ब्रेक घासल्यासारखा होऊ शकतो, असं लक्षात आलं. जिथे रस्त्यावर मीठ पडतच नाही तिथे लाख किलोमीटर चाचणी केली तरी हे कळणार नाही. तेव्हा चाचणीचे किलोमीटर मोजण्याआधी चाचणीचा महिना आणि गाव ठरवा. ज्या देशात विकायचं तिथला एक पूर्ण हिवाळा, गाडी न धुता, उघड्यावर.

नियम बदलतात तेव्हाही हीच चूक होते. अमेरिकेने सत्तरच्या दशकात गिअर डाव्या पायालाच हवा असा नियम केला तेव्हा उजव्या पायाने गिअर टाकणाऱ्या ब्रिटिश गाड्यांची पंचाईत झाली. नॉर्टन कमांडोला १९७५ च्या मॉडेलला डाव्या बाजूला गिअर आला. ज्या कंपन्यांचे बरेचसे ग्राहक अमेरिकेत होते त्यांनाही आपली रचना त्या नियमामागून फरफटत न्यावी लागली. नियमांचा माणूस त्या देशात राहणारा हवा, मुख्यालयात बसून ईमेल वाचणारा नको.

आधी पैसे, मग गाडी

ही चूक सर्वात जास्त मन दुखावते, कारण तिची झळ सर्वात निष्ठावान ग्राहकाला बसते. जुन्या नावावर प्रेम असलेला माणूसच गाडी न बघता आगाऊ रक्कम भरतो.

नॉर्टनचं आधीचं व्यवस्थापन जानेवारी २०२० मध्ये कोलमडलं तेव्हा पैसे भरून गाडी न मिळालेले ग्राहक मागे उरले. त्यांच्या व्ही४ एसएस या गाडीची किंमत ४४,००० पौंड होती. नव्या मालकीखाली या व्ही४ गाड्या उघडून तपासल्या तेव्हा त्यात ३५ दोष सापडले, आणि नॉर्टनने ते उघडपणे मान्य केले. नवी मॉडेलं आणण्याआधी सोलिहलला नवा कारखाना आणि जुन्या गाडीची फेररचना यात वेळ घातला. नॉर्टनचे चाहते थांबून थांबून कंटाळले असतील, पण दुसरा रस्ता मला दिसत नाही. फसलेल्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर नवं पोस्टर लावता येत नाही.

जावाची अडचण वेगळी होती, तिथे फसवणूक नव्हती, अंदाज चुकला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये गाडी दाखवली, मागणी इतकी आली की वर्ष संपण्याआधीच ऑनलाइन बुकिंग थांबवावं लागलं. पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा माल विकला गेला होता. वाट बघणाऱ्यांतले काही शेजारच्या शोरूममधून दुसरी गाडी घेऊन गेले. परदेशात हे जास्त महाग पडतं, कारण तिथे शेजारच्या शोरूममध्ये ट्रायम्फ, होंडा, कावासाकी सगळेच उभे असतात.

बुकिंगची रक्कम घ्यायची असेल तर ती वेगळ्या खात्यात ठेवा, कधीही परत मिळेल असं लेखी द्या, आणि गाडी बंदरातून निघाल्याशिवाय तारीख देऊ नका.

आधी कारखाना, मग गिऱ्हाईक

एक्सेलसिअर-हेंडरसन हे जुनं अमेरिकन नाव नव्वदच्या दशकात मिनेसोटात पुन्हा उभं राहिलं. शेअर बाजारातून पैसा उभा केला, बेल प्लेनला मोठा नवाकोरा कारखाना बांधला, ‘सुपर एक्स’ ही गाडी बाजारात आणली. १९९९ संपता संपता दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर निघालेल्या गाड्या २,००० च्या आसपास. कारखान्याचा खर्च दर महिन्याला येतो, ग्राहक मात्र पहिल्या खेपेच्या गाड्या वर्षभर कशा चालतात ते बघून येतो. भाड्याच्या जागेत सुरुवात करायला लाज वाटू नये.

पार्ट्सचं कपाट रिकामं

आता मुख्य मुद्दा. एप्रिल महिना आहे, उत्तरेकडच्या देशांत गाड्या चालवण्याचे दिवस नुकते सुरू झालेत. एका ग्राहकाची तुमची गाडी उभ्या उभ्या पडली. क्लच लिव्हर मोडला, डावा इंडिकेटर फुटला, फूटरेस्ट वाकला. किरकोळ काम आहे. तो डीलरकडे जातो, डीलर संगणकावर पाहतो आणि म्हणतो, मागवावं लागेल, सहा आठवडे. जूनमध्ये लिव्हर येतो, इंडिकेटर भलत्याच मॉडेलचा येतो. गाडी चालवण्याच्या मोजक्या महिन्यांतले दोन गेले. हा माणूस शिव्या देत नाही, पुढच्या वर्षी गाडी विकायला काढतो एवढंच. त्याच्यासारखे चार जण झाले की त्या शहरात तुमच्या जुन्या गाडीचा भाव पडतो, आणि जुनीचा भाव पडला की नवीला कर्ज देणाराही हात आखडतो.

हे सगळं एका मोडक्या लिव्हरवरून. म्हणून पहिली गाडी त्या देशात उतरण्याआधी पहिला कंटेनर पार्ट्सचा उतरला पाहिजे. त्यात काय असावं याबद्दलही चूक होते. कारखान्यातले लोक इंजिनाचे भाग भरतात, कारण त्यांच्या मते महत्त्वाचं तेच. प्रत्यक्षात आधी लागतात ते पडल्यावर मोडणारे भाग: दोन्ही लिव्हर, आरसे, इंडिकेटर, हँडल, फूटरेस्ट, गिअरचा दांडा, सायलेन्सर, टाकी. मग झिजणारे: ब्रेक पॅड, केबल, फिल्टर, चेन-स्प्रॉकेट. आणि रंगवलेले भाग प्रत्येक रंगात हवेत. लाल टाकीच्या गाडीला काळं मडगार्ड कोणी लावणार नाही. सर्व्हिस मॅन्युअल, खास हत्यारं आणि दोष वाचणारं उपकरण डीलरकडे गाडीच्या आधी पोचलं पाहिजे, आणि मेकॅनिकने एक गाडी पूर्ण खोलून जोडलेली असली पाहिजे.

डीलरचं गणितही समजून घ्यायला हवं. अमेरिकेत डीलर शोरूममधल्या गाड्या बहुतेकदा कर्जावर ठेवतो आणि ठराविक मुदतीनंतर त्या प्रत्येक गाडीवर व्याज चढू लागतं. तो बहुधा तीन-चार ब्रँड एकाच छताखाली विकतो. तुमची गाडी हिवाळाभर पडून राहिली तर वसंतात तो ती मिळेल त्या भावाला काढून टाकेल. त्या एका सवलतीने आधी पूर्ण किंमत मोजलेले सगळे ग्राहक दुखावतात. म्हणून कारखान्याचा महिन्याचा आकडा गाठायला डीलरच्या गळ्यात गाड्या बांधणं हा रोग सर्वात आधी ओळखावा. कारखान्यातून किती गाड्या निघाल्या ते बाजूला ठेवा. त्या देशात किती गाड्यांची नोंदणी झाली तोच आकडा दर आठवड्याला भिंतीवर लावा.

वेळापत्रकही यातच येतं. ब्रिटनमध्ये १ मार्च आणि १ सप्टेंबरला नव्या नंबरप्लेटची मालिका सुरू होते आणि मार्चमध्ये खरेदीची झुंबड उडते. चेन्नईहून बोट पोचायला महिना-दीड महिना धरा. २०२३ च्या अखेरपासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या बोटींना आणखी दहा-पंधरा दिवस लागू लागले. बंदरातली तपासणी, डीलरकडची जोडणी मिळवा. म्हणजे मार्चमध्ये विकायची गाडी दिवाळीच्या सुमारास कारखान्यातून निघायला हवी. घरच्या बाजारात नेमकी तेव्हाच मागणी शिगेला असते आणि निर्यातीची तुकडी मागे ढकलली जाते. ऑगस्टमध्ये पोचलेली गाडी पुढच्या वसंतापर्यंत डीलरच्या व्याजावर बसते. निर्यातीसाठी वेगळी तुकडी आणि वेगळी तारीख राखून ठेवण्याचा अधिकार निर्यात विभागाच्या प्रमुखाकडे असावा, विक्री विभागाच्या मर्जीवर नव्हे.

सगळा बाजार एकाच वितरकाच्या हवाली करत असाल तर तो बुडाला तर काय, हे आजच लिहून ठेवा. पार्ट्सचा साठा आणि ग्राहकांची यादी कंपनीच्या मालकीची राहील असं करारात नसेल, तर वितरकाबरोबर तुमचा ब्रँडही त्या देशात दुसऱ्यांदा मरतो.

किमतीचा घोळ आणि जन्मगाव लपवणं

वारसा आहे म्हणून जास्त किंमत लावायचा मोह होतो. रॉयल एनफील्डने उलट केलं. अमेरिकेत आयएनटी ६५० ची सुरुवातीची किंमत ५,७९९ डॉलर ठेवली आणि वॉरंटी तीन वर्षांची, किलोमीटरची मर्यादा न घालता. स्वस्त गाडीवरचा संशय त्या वॉरंटीने झाकला. मिलवॉकीत, हार्लेच्या गावात, आपलं कार्यालय थाटण्यातला आत्मविश्वासही लोकांनी पाहिला. किंमत कमी ठेवायची असेल तर वॉरंटी मोठी हवी. किंमत मोठी ठेवायची असेल तर रंग, वेल्डिंग, नटबोल्टचा मुलामा हे सगळं डोळ्यांत भरणारं हवं. मधल्या जागेत उभं राहिलं की ग्राहक सरळ जपानी गाडीकडे जातो.

गाडी कुठे बनते हे लपवू नका. ट्रायम्फने थायलंडमधले कारखाने किंवा चाकण लपवलं नाही. टाकीवर ब्रिटनचा झेंडा आणि चासीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दुसराच देश, हे ग्राहकाला पहिल्या धुलाईत दिसतं.

आयात शुल्काचं मात्र कुणाच्याच हातात नसतं. १९८३ मध्ये अमेरिकेने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, हार्लेला सावरायला. होंडाने पुढच्याच वर्षी आपल्या ७५० सीसीच्या इंटरसेप्टरचं इंजिन अमेरिकेसाठी ७०० सीसीच्या आत बसवलं. एवढ्या झटपट हलता यावं यासाठी एकाच इंजिनाचे दोन आकार आराखड्यातच ठेवलेले बरे, आणि सुटे भाग नेऊन तिथेच जोडणी करण्याची सोयही. रॉयल एनफील्डने अर्जेंटिना, कोलंबिया, थायलंड, ब्राझील इथे हीच वाट धरली.

गाडी आधीच अडली असेल तर

पहिल्या वर्षी विक्री जोरात आणि दुसऱ्या वर्षी डीलरची मागणी निम्म्यावर, असं झालं तर जाहिरातीचा खर्च वाढवू नका. आधी डीलरकडे पडून असलेल्या गाड्या मोजा, मग पार्ट्सच्या थकलेल्या मागण्या. या दोन आकड्यांत बहुधा उत्तर सापडतं. साठा जास्त असेल तर कारखाना महिनाभर त्या देशासाठी थांबवा आणि व्याजाचा काही भार स्वतः उचला.

चालवून बघणारे भरपूर आणि घेणारे थोडे, तर गाडीत दोष नसावा. विम्याचा हप्ता किती येतो, कर्ज कोण देतंय, जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे विचारा. दोन तास गाडी चालवत सर्व्हिसिंगला जावं लागणार असेल तर लग्न झालेला माणूस घरी परवानगीच मागत नाही.

फक्त पांढऱ्या केसांचे लोक शोरूममध्ये येत असतील तर आजच हालचाल करा. अमेरिकेत रॉयल एनफील्डने २०२० पासून स्त्रियांसाठी एक कार्यक्रम राबवला, त्यात प्रत्येकीने कंपनीची गाडी स्वतः शर्यतीसाठी बांधायची आणि पळवायची. ज्यांनी रेडिचचं नावही ऐकलं नव्हतं अशा लोकांपर्यंत गाडी अशी पोचते.

एकच भाग वॉरंटीत पुन्हा पुन्हा येत असेल तर तो गुपचूप बदलत राहू नका. पुरवठादाराची ती खेप शोधा, त्या चासी क्रमांकांच्या गाड्या पाठवणं थांबवा, त्या देशाच्या वाहन सुरक्षा यंत्रणेला स्वतःहून कळवा आणि मालकांना पत्र पाठवा. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं आणि गाडी तोवर तिसऱ्याकडे असते, म्हणून जुनी गाडी सर्व्हिसला आली की डीलरने दर वेळी मालकाचं नाव आणि चासी क्रमांक नव्याने नोंदवायचा, आणि तो बदल त्याच दिवशी कंपनीच्या यादीत चढायला हवा.